फुटबॉलपटूचे अंग तापविण्याच्या पद्धती : एक तौलनिक विचार

१८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी शिवोली येथे फुटबॉलचा खेळ आणला, असे सांगितले जाते. तेव्हापासून हा खेळ गोव्याच्या मातीत इतका रुजला आहे की, भाताची कापणी उरकताच मळ्यांतून गोलाचे खांब उभे राहतात आणि सायंकाळी सारा गाव कडेला जमतो. परंतु सामन्यापूर्वी शरीराची सिद्धता कशी करावी, याविषयी शाळाशाळांतून व क्लबांतून जी रीत चालत आली आहे, तिचा फेरविचार होणे आवश्यक आहे. ती रीत सर्वांच्या परिचयाची आहे. मैदानाला एखादी फेरी मारावयाची, मग वर्तुळात उभे राहून पायाचे अंगठे धरावयाचे आणि शिक्षकांची मोजणी संपेपर्यंत तसेच थांबावयाचे. यालाच आपण ‘वॉर्म-अप’ म्हणत आलो.

वस्तुतः येथे दोन भिन्न हेतूंची गल्लत झालेली आहे. सांध्यांची हालचाल अधिक मोकळी व्हावी, म्हणजे लवचिकता वाढावी, हा एक हेतू. पुढील दीड तास वेगाने धावता यावे, उंच उडी घेता यावी, चेंडू जोराने मारता यावा, हा दुसरा. पहिल्यासाठी जो उपाय उत्तम, तोच दुसऱ्यासाठी सामन्याच्या तोंडावर योग्य असेल असे नाही.

एखादा स्नायू ताणून त्याच स्थितीत स्थिर ठेवणे, हा स्थिर ताणाचा व्यायाम होय. त्याने लवचिकता निश्चित वाढते. मात्र या विषयावरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळले की, एकाच स्नायूला ६० सेकंद वा त्याहून अधिक ताण दिल्यास त्यानंतर लगेच होणाऱ्या शक्तीच्या कामगिरीत सरासरी सुमारे ४.६ टक्के घट येते. ताण ६० सेकंदांहून कमी असल्यास ही घट जेमतेम १ टक्का असते. उलट, हालचाल करीत दिलेल्या ताणाने कामगिरी १ टक्क्याहून किंचित अधिक सुधारते. हे आकडे किरकोळ वाटतील. पण चेंडूपाशी प्रतिस्पर्ध्याच्या आधी पोचणे बहुधा एका पावलाच्या फरकाने ठरते. म्हणून स्थिर ताण अजिबात टाकून द्यावा, असे नव्हे. त्याची जागा सरावानंतरची किंवा स्वतंत्र वेळेची आहे. तेथे तो नियमाने करावा. सामन्यापूर्वी करावयाचाच असेल, तर थोडा करून त्यानंतर धावणे व उड्या अवश्य घ्याव्यात. जोडीदाराच्या प्रतिकाराविरुद्ध स्नायू आवळून मग सैल सोडण्याची तिसरी एक पद्धत आहे. तिच्यानेही लवचिकता चांगली वाढते, पण ती जाणत्याच्या देखरेखीखालीच करावी. झटके देत अंग वाकविणे मात्र शाळकरी मुलांना शिकवू नये.

सामन्यापूर्वी खरी उपयुक्त ती गतिशील पद्धत. प्रथम संथ धावणे. नंतर धावता धावता गुडघे उंच उचलणे, टाचा मागे नितंबांपर्यंत नेणे, गुडघा वर घेऊन बाहेरच्या व आतल्या बाजूस फिरविणे, एका कुशीने सरकणे, पाय पुढेमागे झुलविणे. आणि शेवटी क्रमाक्रमाने वेग वाढवीत दिशा बदलणे. यात स्नायूंचे तापमान वाढते, रक्ताभिसरण वाढते आणि मज्जासंस्थेलाही त्याच हालचालींची उजळणी होते, ज्या पुढे मैदानात लागणार असतात. आपल्या तालमींतील मल्लाला हे नवीन वाटू नये. जोर-बैठका काढणारा कधी एका जागी ताठ थांबत नाही.

या पद्धतीला शक्तीची व तोलाची जोड देऊन फिफाच्या वैद्यकीय संशोधकांनी ‘इलेव्हन प्लस’ हा सुमारे २० मिनिटांचा कार्यक्रम तयार केला. नॉर्वेतील १२५ क्लबांच्या १३ ते १७ वर्षे वयाच्या १,८९२ मुलींवर त्याची चाचणी झाली व निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. हा कार्यक्रम करणाऱ्या मुलींमध्ये एकूण दुखापतींचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने, तर गंभीर दुखापतींचे सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. केवळ पायांच्या दुखापतींत दिसलेली घट मात्र निर्णायक म्हणण्याजोगी नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. तरीही हा लाभ मोठा आहे. गुडघ्यातील अस्थिबंध तुटलेल्या मुलाला शस्त्रक्रिया, कित्येक महिन्यांची विश्रांती आणि पुन्हा चालण्याधावण्याचा सराव यांतून जावे लागते. मोठ्या संघाच्या खेळाडूमागे डॉक्टर व व्यायामोपचारतज्ज्ञ उभे असतात. मळ्यात खेळणाऱ्या मुलामागे, अथवा मोठ्या मिनतवारीने घरून परवानगी मिळविलेल्या मुलीमागे, कोण असते? अशा दुखापतीने तिचा खेळच नव्हे, तर वर्गातील आणखी चौघींचाही खेळ बंद होतो, कारण पालक धास्तावतात.

या कार्यक्रमास खर्च जवळजवळ नाही. खुणेसाठी समांतर रांगांत ठेवावयाच्या शंकूंच्या सहा जोड्या लागतात. त्यांच्याऐवजी नारळाच्या करवंट्याही चालतील. प्रारंभी ८ मिनिटे धावणे, मग १० मिनिटे शक्ती, तोल व उडीचे व्यायाम, अखेरीस २ मिनिटे वेगवान धावणे, असा क्रम आहे. मधल्या भागातील एक व्यायाम विशेष मोलाचा आहे. खेळाडूने गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरावेत आणि खेळाडूने धड ताठ ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढे झुकावे. तोल सुटताच हातांवर पडावे. मांडीच्या मागील स्नायूस याने बळकटी येते. पहिल्या दिवसांत ३ ते ५ वेळा पुरे. मांड्या दुखतील, त्याला घाबरू नये. उडीनंतर जमिनीवर उतरताना गुडघे आत वळू नयेत, याकडे शिक्षकांनी स्वतः समोर उभे राहून लक्ष द्यावे. ही गोष्ट शिट्टीने साधत नाही. आठवड्यातून किमान दोनदा हा पूर्ण कार्यक्रम व्हावा. सामन्याच्या दिवशी मधला भाग वगळून फक्त धावण्याचे दोन भाग घ्यावेत.

आपल्याकडील दमट उन्हात हे सर्व सावलीच्या कडेने करावे, आधी व नंतर पाणी द्यावे आणि मुले घामाने निथळेपर्यंत लांबवू नये. मध्यंतराकडे मात्र सहसा कोणाचेच लक्ष नसते. डेन्मार्कमधील संशोधकांना २००४ साली असे दिसून आले की, मध्यंतरात बसून राहिलेल्या खेळाडूंच्या मांडीच्या स्नायूंचे तापमान सुमारे २ अंश सेल्सिअसने उतरते आणि उत्तरार्धाच्या आरंभी त्यांच्या वेगवान धावण्यात २ टक्क्यांहून अधिक घट होते. ज्यांनी मध्यंतरात मध्यम गतीने हालचाल केली, त्यांची गती टिकून राहिली. तेव्हा पाणी पिऊन व सूचना ऐकून झाल्यावर, पंचांनी बोलावण्यापूर्वीच संघाला उठवावे आणि गोलाच्या मागे पाच-सात मिनिटे हलके धावावयास लावावे.