हिशोब दोन्ही टोकांचा करा

इटलीत समुद्रही बघायचा आणि सरोवरही, असं म्हटलं की आपल्याकडचा ट्रॅव्हल एजंट नकाशावर बोट फिरवतो आणि म्हणतो, ‘काही नाही हो, नेपल्सहून फास्ट ट्रेन, साडेचार तासांत मिलान!’ या वाक्यावर माझा राग आहे आणि तो इथे दिसला तर दिसू दे. वाक्य खोटं नाही, हीच त्यातली चलाखी. गाडी खरोखरच तेवढ्या वेळात जाते, त्यामुळे नंतर भांडायलाही जागा उरत नाही. पण पैसे भरलेला माणूस नेपल्सला उतरलेला नसतो आणि मिलानला थांबणारही नसतो. त्याचं हॉटेल असतं समुद्राकाठच्या पोझितानोत, पुढचं बुकिंग असतं सरोवराकाठच्या बेलाज्योत, आणि या दोन्ही गावांना रेल्वे नाही. आधी डोंगराच्या कडेकडेने बसने सोरेंतो, तिथून सर्कमवेसुवियाना या खच्चून भरणाऱ्या लोकलने तासाभराहून जास्त वेळ नेपल्स, मग ती फास्ट ट्रेन, मिलानला उतरून दुसऱ्या गाडीने साधारण तासभर वारेन्ना, स्टेशनापासून बॅगा ओढत धक्का, आणि शेवटी बोट. मधली वाट बघणं धरलं तर दहा तास सहज जातात. म्हणजे सुट्टीतला एक अख्खा दिवस. तो दिवस कोटेशनमध्ये ‘ट्रान्सफर’ या एका शब्दात मावलेला असतो.

माझा मुद्दा एवढाच आहे: इटलीत मधला लांब पल्ला सोपा आहे, वेळ आणि पैसा जातो तो दोन्ही टोकांना. तेव्हा गाव निवडताना आधी स्टेशन बघा, मग खिडकीतून दिसणारा देखावा. गणपतीला कोकणात जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मुंबई ते रत्नागिरी निभतं, स्टेशन ते वाडी हाच खरा प्रवास. इटलीचा किनाराही असाच दोन जातींचा आहे. लिगुरियातल्या चिंक्वे तेर्रेच्या पाचही गावांना रेल्वे आहे. वेर्नात्सात तर गाडीतून उतरलात की गावातच. (कोर्निल्या मात्र वर टेकडीवर, स्टेशनापासून पावणेचारशेच्या वर पायऱ्या, मोठी बॅग घेऊन तिथे मुक्काम करू नये.) उलट अमाल्फीच्या किनाऱ्यावर रेल्वे सालेर्नोपर्यंतच पोहोचते. पुढे बस, नाहीतर बोट, आणि बोट हंगामापुरती, तीही समुद्र शांत असेल तर. सरोवरांचंही तेच. मज्जोरेवरचं स्त्रेझा, कोमोवरचं वारेन्ना, गार्दावरची देसेन्झानो आणि पेस्किएरा ही स्टेशन असलेली गावं. बेलाज्यो, सिर्मियोने, रीवा ही नसलेली. चिंक्वे तेर्रेतल्या मोंतेरोस्सोहून मिलानला तीनेक तास आणि पुढे वारेन्नाला एक, म्हणजे तेच समुद्र-सरोवराचं जोडकाम अर्ध्या दिवसात होतं. बेलाज्यो बघायचंच असेल तर वारेन्नात राहून बोटीने जा; पाव तासाचं अंतर आहे, आणि बॅगा खोलीवरच राहतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मग गाडी भाड्याने घ्या की, चौघांत परवडते. परवडते, पण कुठे ते बघा. चिंक्वे तेर्रेच्या गावांत बाहेरची गाडी आत नेताच येत नाही, ती बाहेर पैसे भरून ठेवायची आणि पुन्हा रेल्वेनेच जायचं. अमाल्फीच्या रस्त्यावर हंगामात सम-विषम नंबरप्लेटचे नियम लागतात. शहरांच्या जुन्या भागांत ‘झेड-टी-एल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचे पट्टे असतात; तिथे शिपाई अडवत नाही, कॅमेरा फोटो काढतो, आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. त्याआधी गाडीवाली कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना दिल्याबद्दलची आपली फी कार्डावरून वेगळी कापून घेते. गाडी घेतली त्या शहरात परत न करता दुसरीकडे सोडली तर त्याचे पैसे निराळे. शिवाय आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच आरटीओतून काढायचा, नाहीतर हा बेत तिथेच संपला. गार्दाचा पश्चिम किनारा किंवा तोस्कानातली खेडी असतील तर गाडी जरूर घ्या. समुद्र ते सरोवर या पल्ल्यासाठी ती गळ्यातली धोंड आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. आपल्याला शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत हॉटेलची बुकिंगं आणि दिवसवार बेत द्यावा लागतो, त्यामुळे हॉटेल आधी आणि वाहन नंतर हा क्रम नाइलाजाने पडतो. बरोबर आहे, आणि एजंटचं नेमकं याच नाइलाजावर पोट भरतं. म्हणून अर्जासाठीचं बुकिंग फुकट रद्द करता येईल असंच घ्या, आणि बेत कागदावर उतरवण्याआधी रेल्वेच्या साइटवर पुढच्या आठवड्यातली कुठलीही तारीख टाकून तोच प्रवास घरापासून घरापर्यंत जोडून बघा. तुमच्या तारखेची तिकिटं अजून खुली नसली तरी अंदाज पक्का येतो. वेळापत्रक जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये बदलतं, तेवढं ध्यानात ठेवून तिकिटं खुली झाली की पुन्हा तपासा.

तिकिटांबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. फास्ट ट्रेनचं तिकीट लवकर घेतलं तर स्वस्त पडतं, पण सगळ्यात स्वस्त तिकीट बदलता येत नाही. प्रादेशिक गाडीचं भाडं ठरलेलं असतं. ते आधी घेऊन काही वाचत नाही. गोची अशी की पहिली गाडी प्रादेशिक, तिला उशीर झाला, आणि पुढच्या फास्ट ट्रेनचं तिकीट वेगळं काढलेलं असेल, तर ते गेलंच म्हणून समजा. सगळे टप्पे एकाच तिकिटावर मिळत असतील तर तसेच घ्या, नाहीतर मध्ये तासभर मोकळा ठेवा. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं असतं. नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागतो, आणि तपासनीसाला तुमच्या अज्ञानाचं काडीचं सोयरसुतक नसतं. संपाचं वेळापत्रक वाहतूक मंत्रालय आधी जाहीर करतं. संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या धावतातच. पाणी जवळ ठेवा, बॅग हलकी ठेवा, वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच.

‘एवढं आखत बसायचं तर सुट्टी कसली?’ असंही कोणी म्हणेल. सरोवराकाठी शेवटची बोट निघून गेल्यावर टॅक्सीवाला जो आकडा सांगतो, तो ऐकेपर्यंत हा प्रश्न विचारायला हरकत नाही. शरद ऋतूत बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि उन्हाळ्याचं वेळापत्रक छापलेलं माहितीपत्रक मात्र एजंटच्या टेबलावर वर्षभर पडून असतं. पैसे भरण्यापूर्वी त्याच्याकडून दोनच गोष्टी लेखी घ्या: या हॉटेलच्या दारापासून त्या हॉटेलच्या दारापर्यंत एकूण किती तास, आणि तुमच्या तारखेला शेवटची बोट किती वाजता. ‘ते तिथे गेल्यावर कळेल’ असं उत्तर आलं, तर उठा आणि दुसरं दार ठोठावा.