बालदम्याचा खर्च : कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये

‘डॉक्टर, पंप महाग पडतो, त्यापेक्षा औषधाची बाटली लिहून द्या.’ बालदमा असलेल्या मुलांच्या पालकांकडून हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळते. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात महिन्याच्या महिन्याला औषधाचे पैसे काढणे कठीणच असते. परंतु हिशेब करताना बहुतेकजण पंपाची किंमत धरतात आणि धाप लागल्यावर होणारा खर्च धरत नाहीत.

बालदम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. सर्दी, धूळ, धूर, थंड हवा असे काही निमित्त झाले की या नळ्या आवळतात आणि खोकला, धाप, छातीत घरघर सुरू होते. म्हणून औषधेही दोन प्रकारची. साल्ब्युटामॉलचा पंप (बहुधा निळा) आवळलेल्या नळ्या तात्पुरत्या मोकळ्या करतो. ब्युडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोनचा पंप सूज उतरवतो. तो रोज घ्यावा लागतो आणि त्याचा पुरता गुण यायला काही आठवडे लागतात.

पैशाची ओढाताण झाली की पहिली काट बसते ती या दुसऱ्या पंपावर, कारण मूल बरे दिसत असते. निळा पंप स्वस्त आणि लगेच गुण देणारा, म्हणून तो तेवढा ठेवला जातो. आतली सूज मात्र वाढत राहते आणि एखाद्या रात्री मुलाला दवाखान्यात न्यावे लागते.

आता हिशेब पाहू. एका पंपात बहुधा २०० फवारे असतात. आकडा वेष्टनावर छापलेला असतो. सकाळी एक व संध्याकाळी एक फवारा असेल तर पंप १०० दिवस जातो, म्हणजे वर्षाला चार पंप पुरतात. दोन-दोन फवारे लागत असतील तर तो ५० दिवस जातो, वर्षाला सात-आठ पंप. त्याला किमतीने गुणावे. कागदाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या वर्षातले झटके मांडावेत : रात्रीची रिक्षा किंवा जीप, खाटेचे पैसे, सलाईन, इंजेक्शने, मुलाजवळ बसलेल्या आईची बुडालेली मजुरी. हा कागद मी पालकांकडूनच लिहून घेतो. मग मला फारसे काही सांगावे लागत नाही.

बाटलीतले औषध स्वस्त, हाही भ्रमच. साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या पातळ औषधाच्या एका चमच्यात (५ मिलि) २ मिलिग्रॅम औषध असते. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक चमचा बरोबर वीस फवारे! ते पोटातून रक्तात आणि मग छातीत जाते. हात कापतात, छाती धडधडते, आणि गुण उशिरा येतो. पंपाची ‘सवय लागते’ हेही खरे नाही. उंचीबद्दल विचाराल, तर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी सुमारे १.२ सेंटिमीटर कमी भरली. तेवढ्यासाठी श्वास पणाला लावावा, असे मला वाटत नाही.

पंपाबरोबर स्पेसर हवाच. त्याशिवाय निम्म्याहून अधिक औषध घशात बसते, म्हणजे पैसे वाया. विकतचा स्पेसर परवडत नसेल तर ५०० मिलिच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा करता येतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली हे तपासून पाहिले. बूड नीट हवाबंद केलेली बाटली झटक्यात विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडावे, फट राहू देऊ नये. मुलाने बाटलीचे तोंड ओठांत घट्ट धरावे. एका वेळी एकच फवारा आणि मग सावकाश पाच-सहा श्वास. बाटली साबणाच्या पाण्याने धुऊन तशीच निथळत ठेवावी, फडक्याने पुसू नये. पुसल्याने प्लॅस्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतींनाच चिकटते. तीन-चार वर्षांखालील मुलाला मात्र मुखवट्याचा स्पेसर लागतो. रोजच्या पंपानंतर मुलाला चूळ भरायला लावावी.

काटकसर करायची जागा वेगळी. प्रत्येक घरघरीला प्रतिजैविक लागत नाही. खोकल्याच्या रंगीत बाटल्या तर नकोतच. अॅलर्जीच्या महागड्या रक्ततपासण्यांनी बहुतेक मुलांचे उपचार बदलत नाहीत. मॉन्टेलुकास्टची गोळी रोजच्या पंपापेक्षा कमी गुणाची असून तिने काही मुलांच्या झोपेवर व स्वभावावर परिणाम होतो. पंप जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतो, फक्त तो बदलताना डॉक्टरांना दाखवावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पंप शिल्लक आहे का, याची चौकशी करायला लाजू नये. मोठ्या विमा योजना मुख्यत्वे दाखल रुग्णासाठी असतात, रोजच्या पंपासाठी त्यांच्यावर विसंबू नये. मृगाला हैदराबादला माशाचे औषध घ्यायला जाणारे अजून भेटतात. श्रद्धेवर मी वाद घालत नाही, पण प्रवासखर्च होतो आणि त्या भरवशावर पंप बंद होतो, हे मला खटकते.

घरातली बिडी, डासांची अगरबत्ती आणि चुलीचा धूर मुलापासून दूर ठेवायला पैसे लागत नाहीत.

तीन महिने मूल ठणठणीत राहिले तर डॉक्टर मात्रा कमी करतात. खर्चही आपोआप उतरतो. पण ती स्वतःच्या मनाने कमी करू नये. मुलाच्या बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, सलग वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर निळा पंप स्पेसरमधून देत देतच १०८ ला फोन करावा; ती गाडी मोफत आहे.

नवा पंप उघडला की त्यावर तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेस मुलाबरोबर पंप व स्पेसरही घेऊन या. मुलाने तो आमच्यासमोर ओढून दाखवावा. याचे वेगळे पैसे कोणी डॉक्टर घेत नाही.