मुनीमजींना फोल्डर निवडू दे

बाबू, इथल्या देवळीच्या जिनिंगवरच्या मुनीमजींसाठी तू एक्सेलचं मॅक्रो लिहितो आहेस म्हणे. भिडी, अंदोरी, विजयगोपाल, नाचणगाव, जिथून जिथून कापूस येतो तिथल्या काटापट्टीच्या फायली एका शीटमध्ये गोळा करायच्या, एवढंच ना? काम सोपं आहे. अडतं एकाच ठिकाणी: फायली कुठे ठेवल्या आहेत हे मॅक्रोला सांगायचं कोणी? तू नाही, मुनीमजींनी. चहा घे नि ऐक आत्याचं.

१. फोल्डरचा पत्ता मॅक्रोत कोरून ठेवू नकोस — तुझ्या लॅपटॉपवरचं तुझ्या नावाचं फोल्डर देवळीत कुठून येणार, आणि इथला पेनड्राइव्ह आज ‘ई’ असतो, उद्या ‘एफ’. वर्धा ते कळंब रेल्वे २०२४ पासून देवळीवरून जाते खरी, पण मॅक्रो अडलं म्हणून मुनीमजींच्या दर फोनला तिच्यात बसून येणार आहेस का?

२. पत्ता टाइप करायलाही लावू नकोस — मुनीमजींचा कीबोर्ड बहुतेक वेळ मराठी इनस्क्रिप्टवर असतो, आणि तिथे उलट्या तिरप्या रेघेचं बटण दाबलं की ‘ॉ’ उमटतो. मग ते तुला नाही, काँप्युटरला शिव्या देतात.

३. एक्सेलमध्येच ‘फाइलडायलॉग’ आहे, त्यातला ‘फोल्डर पिकर’ घे — ऑफिस एक्सपीपासून तो तयार मिळतो. विंडोजच्या एपीआयचे जुने लांबलचक तुकडे कुठूनतरी उचलू नकोस, ६४ बिटच्या ऑफिसात ‘पीटीआरसेफ’ नसेल तर ते लाल होऊन बसतात.

४. खिडकी उघडल्यावर ‘शो’ काय उत्तर देतं ते आधी बघ, उणे एक म्हणजे निवडलं, शून्य म्हणजे कॅन्सल — शून्य असताना निवडलेल्या यादीतलं पहिलं नाव मागशील तर एरर येईल. कॅन्सल केलं तर मुकाट्याने बाहेर पड, ‘तुम्ही काहीच निवडलं नाही’ असा दम देऊ नकोस. विचारायला निघालेल्याने नकार खिशात घालूनच निघावं.

५. या खिडकीत फक्त फोल्डर दिसतात, आतल्या फायली दिसत नाहीत — आणि माणसाचा जीव इथेच घाबरा होतो. फायलींनी भरलेलं फोल्डर उघडलं की समोर पांढरं पान, वर इंग्रजीत काहीच सापडलं नसल्याची ओळ. ‘पोट्ट्यानं हंगामाच्या फायली उडवल्या’ असा फोन आलाच समज. म्हणून खिडकीच्या शीर्षकातच लिही: ‘फायली इथे दिसणार नाहीत, फोल्डर निवडून ओके दाबा’. तरीही गोंधळ झाला तर सरळ फाइल निवडायची खिडकी दे, कोणतीही एक फाइल निवडू दे, आणि तिच्यावरून फोल्डर तू काढ.

६. मिळालेल्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ आहे का ते तपास, नसेल तर लाव — साध्या फोल्डरच्या पत्त्याला ती नसते, पण कोणी अख्खा पेनड्राइव्हच निवडला तर असते. रेघ राहिली तर ‘डिर’ भलत्याच ठिकाणी शोधतं, एररही देत नाही, आणि बेरीज शून्य येते. ओरडणारी चूक परवडते, गप्प चूक हिशेब खाते.

७. आता आपल्या लिपीचं, आणि इथे जरा थांब. मुनीमजी फोल्डरला ‘भिडी’ असंच नाव देणार, देवनागरीत, आणि द्यावंच. पण मॅक्रोची भाषा जुन्या वळणाची — तिच्या एडिटरमध्ये मराठी लिहिलं की प्रश्नचिन्हं, ‘मेसेजबॉक्स’मध्ये प्रश्नचिन्हं, आणि ‘डिर’ने आणलेल्या नावातही प्रश्नचिन्हं, त्यामुळे ती फाइल उघडतच नाही. रशियन, जपानी लोकांना विंडोजने जुन्या काळी कोडपेज दिलं होतं, देवनागरीला कधी दिलंच नाही. त्यामुळे काँप्युटरची भाषा मराठी करूनही हे सुटत नाही. नावं बदला म्हणून मुनीमजींच्या मागे लागू नकोस, तू तुझी पद्धत बदल.

८. तर फायलींची यादी ‘फाइलसिस्टमऑब्जेक्ट’कडून घे — त्याला देवनागरी नावं नीट कळतात. आणि सूचना, शीर्षक, सगळा मराठी मजकूर एका शीटच्या सेलमध्ये लिहून तिथून उचल, निरोप द्यायचा तर यूजरफॉर्मच्या लेबलवर दे.

९. यादीत ‘~$’ने सुरू होणारं नाव आलं तर सोडून दे — ती खरी फाइल नव्हे, कोणीतरी ती फाइल उघडी ठेवल्याची खूण असते. तुझी स्वतःची मॅक्रोची फाइलही वगळ.

१०. मागच्या वेळचं फोल्डर लक्षात ठेव आणि खिडकी तिथेच उघड — रोज तोच पत्ता शोधायला लावणं बरं नव्हे. एका सेलमध्ये पत्ता ठेवलास तरी पुरे. मात्र ‘इनिशियलफाइलनेम’ला तो शेवटच्या रेघेसकट दे, नाहीतर खिडकी एक पायरी वर उघडते. आणि ते फोल्डर आज आहे का, तेही बघ, पेनड्राइव्ह कोणाच्या तरी खिशात असू शकतो.

११. काम सुरू करण्याआधी दाखव: अमुक फोल्डर, इतक्या फायली, पुढे जाऊ का — कोणीतरी एक दिवस अख्खा ‘डी’ ड्राइव्ह निवडणारच. आतल्या फोल्डरांत आपणहून शिरू नकोस, आणि निवडलेल्या फोल्डरातलं काही पुसायचं तर मुळीच नाही. मोजून दाखवावं, मग उचलावं.

१२. मॅक्रोची फाइल मेलवरून धाडलीस तर ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ची खूण करायला सांग — २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींतली मॅक्रो ऑफिस अडवून ठेवतं, वर लाल पट्टी येते, नि माणूस ती बंद करून मोकळा होतो.

१३. कुठे लिब्रेऑफिस असेल तर तिथे त्याचं स्वतःचं ‘फोल्डरपिकर’ वापर — ते पत्ता ‘फाइल’ नि तीन रेघांनी सुरू करून देतं, ‘भिडी’च्या जागी टक्क्यांच्या खुणा येतात. ‘कन्व्हर्टफ्रॉमयूआरएल’ने तो आधी सरळ करून घे.

आणि हे सगळं नवरात्राच्या आत तपासून पाठव. दसरा झाला की कापसाच्या गाड्या लागतात, मग मुनीमजींना खिडकी कसली, पाणी प्यायला सवड नसते.