घरबसल्या विक्रींतील टपालहंशील : तें गिऱ्हाइकाकडून कसें घ्यावें

बाजारांत धान्य नेणाऱ्या शेतकऱ्यास हमाली, तोलाई व अडत हे शब्द नवे नाहींत. त्यांतील कोणता खर्च विकणाऱ्याचा व कोणता घेणाऱ्याचा, याविषयीं तंटे पुष्कळ झाले. २०१६ सालीं महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला यांची अडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी असें ठरलें, तेंही अशाच तंट्यानंतर. आतां अड्याळ, पवनी व भंडारा या बाजूचे कांहीं शेतकरी आपला चिन्नोर तांदूळ मोबाईलवरील बाजारांत मांडून पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकास परभारें पाठवूं लागले आहेत. तेथें अडत्या दिसत नाहीं. परंतु त्याच्या जागीं टपालहंशील येऊन बसतें, आणि त्याचा हिशेब आधीं न केल्यास वर्षाची मेहनत तें मुकाट्यानें खाऊन टाकतें.

वस्तुतः हा प्रश्न जुनाच आहे. व्ही. पी. ची पद्धत हिंदुस्थानच्या टपाल खात्यानें १८७७ सालीं सुरू केली. तेव्हांपासून पुस्तकवाले, औषधवाले व बीबियाणेंवाले जाहिरातीच्या शेवटीं 'टपालखर्च निराळा' हे दोन शब्द न चुकतां छापीत असत. त्या दोन शब्दांत मोठें शहाणपण होतें, तें आम्हांस फार उशिरां कळलें.

पहिल्या वर्षीं आम्हीं एक किलोची पिशवी १२० रुपये व टपालाचे सरसकट ६० रुपये असा भाव लिहिला. साठ हा आंकडा कोठून आणला म्हणाल, तर दुसऱ्या एका विक्रेत्याचा पाहून! आयुष्यभर महसुलाच्या नोंदवह्या लिहिलेल्या माणसानें असें करावें याची आम्हांस आजही लाज वाटते. हंगामाच्या शेवटीं बेरीज मारली तेव्हां पिशवीमागें सुमारें तीस रुपये आमच्याच खिशांतून गेल्याचें दिसून आलें. म्हणजे तांदूळ आम्हीं १२० रुपयांस विकला नव्हता, ९० रुपयांस विकला होता, व गिरणीची कांडणावळ त्यांतूनच द्यावयाची होती.

चूक कोठें झाली तें पाहूं. टपालाचे व कुरिअरचे दर वजनाच्या टप्प्यांवर व अंतरावर असतात. ते वारंवार बदलतात, म्हणून येथें केवळ उदाहरणादाखल असें धरूं कीं, ठराविक अंतरास करासह पहिल्या अर्ध्या किलोस ५० रुपये व पुढील प्रत्येक अर्ध्या किलोस, किंवा त्याच्या भागास, २० रुपये पडतात. एक किलो तांदळास ७० रुपये असें कोणीही म्हणेल. परंतु पिशवी, पुठ्ठ्याचें खोकें, चिकटपट्टी व पत्त्याचा कागद मिळून ८० ग्रॅम भरतात. पार्सल १,०८० ग्रॅमचें होतें, तिसरा टप्पा लागतो व हंशील ९० रुपये होतें. वरच्या ऐंशी ग्रॅमांनीं वीस रुपये नेले. म्हणून वजन नेहमीं बांधणी झाल्यावर करावें, तांदळाचें करूं नये.

आतां तेंच खोकें चार किलोचें करा. बांधणीसह ४,१५० ग्रॅम भरलें, तर नऊ टप्पे, म्हणजे ५० अधिक १६०, एकूण २१० रुपये, किलोमागें साडेबावन्न. सुट्या किलोस नव्वद व येथें साडेबावन्न! तांदूळ हा जड व तुलनेनें स्वस्त माल असल्यामुळें तो एकेक किलोनें टपालांतून पाठविणें हें मुळांतच तोट्याचें आहे. चार-पांच किलोचा एकच डाग विक्रीस ठेवावा, लहान पुडी ठेवूंच नये, असें आमचें मत झालें आहे. भिवापुरी मिरचीची पूड हलकी व मोलाची. तिला लहान पुडी शोभते. आंधळगांवच्या कोशाच्या कापडाचें तर वजन किरकोळ व किंमत हजारांत, त्यामुळें त्या विणकरानें टपाल किमतींतच धरलें तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. जो नियम कापडास लागू तो तांदळास लावूं नये.

पोहे-मुरमुरे पाठविणारांनीं आणखी एका गोष्टीस जपावें. बहुतेक कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्यें घेऊन गुणाकारास ५,००० नें भागतात. तें येईल तें वजन खऱ्या वजनापेक्षां अधिक असल्यास त्यावर आकारणी करितात. ३० × २५ × २० चें खोकें म्हणजे १५,००० भागिले ५,०००, अर्थात् तीन किलो. आंत मुरमुरे एकच किलो असोत. अशानें आपण दोन किलो वाऱ्याचें हंशील भरतों. खोकें मालाच्या मापाचेंच घ्यावें, आणि कांट्यावर ठेवलेल्या पार्सलाचें छायाचित्र काढून ठेवावें, कारण पुढें वजनाचा वाद निघाल्यास तोंडी शब्दास कोणी विचारीत नाहीं.

'टपाल मोफत' असें लिहावें काय? गिऱ्हाइकास तें आवडतें, हें खरें. परंतु मोफत कांहींच नसतें, खर्च किमतींत मिसळलेला असतो. पुण्याच्या गिऱ्हाइकास जें पडतें त्याहून गुवाहाटीच्यास अधिक पडतें. सर्वांस एक किंमत लावली कीं जवळचें गिऱ्हाईक दूरच्याचें भाडें भरतें, व तें सुज्ञ असल्यास दुसरीकडे जातें. शिवाय बांधीव मालावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षां अधिक घेतां येत नाहीं. पिशवीवर १२० छापून ती 'मोफत टपालानें' २१० रुपयांस विकणें बेकायदा आहे; आणि २१० छापावेत, तर तीच पिशवी आपल्या दारीं घेणारा शेजारी तो आंकडा पाहून भुंवया चढवील. जड मालास टपाल निराळें दाखविणें हेंच आम्हांस सरळ वाटतें. फार तर दहा किलोच्या वर मागणी आल्यास हंशिलांत कांहीं सूट द्यावी.

निराळें दाखवावयाचें तर तें प्रथमच दाखवावें. २०२० च्या ई-वाणिज्य ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणें एकूण रक्कम एका आंकड्यांत व तिची फोड, म्हणजे मालाची किंमत, पोंचविण्याचा व बांधणीचा खर्च आणि कर, गिऱ्हाइकास दाखवावी लागते. किंमत कमी सांगून शेवटच्या पायरीवर खर्च वाढवीत नेणें ही २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनीं फसवी युक्ति ठरविली आहे. खोकें व चिकटपट्टी यांचे दहा-पंधरा रुपये घेण्यास हरकत नाहीं. मात्र त्यास 'टपाल व बांधणी' म्हणावें. तांदूळ वीस रुपये व टपाल एकशें नव्वद असला खेळ कोणी करूं नये. आणखी असें कीं, कांहीं बाजार आपली दलाली मालाच्या किमतीवर न घेतां टपालासह एकूण रकमेवर घेतात. शेंकडा १० दलाली असेल, तर १२० अधिक ९० यांवर २१ रुपये जातात, बारा नव्हे. हे नऊ रुपये भाव ठरवितांनाच धरावे.

आतां परत येणाऱ्या पार्सलांविषयीं. पूर्वीं व्ही. पी. न सोडविणारें गिऱ्हाईक होतें, आज दारीं पैसे देण्याचें कबूल करून माल नाकारणारें आहे. वीस पार्सलांपैकीं दोन परत आलीं व जाण्यायेण्याचें हंशील प्रत्येकीं १८० रुपये पडलें, तर ३६० रुपयांचा भुर्दंड उरलेल्या अठरांवर, म्हणजे दर पार्सलावर वीस रुपये बसतो. प्रामाणिक अठरांनीं तो कां सोसावा? यासाठीं शक्य तेथें रक्कम यूपीआयनें आगाऊ घ्यावी. दारीं पैसे देणारास जादा आकार उघडपणें सांगावा.

एकाच गिऱ्हाइकानें दोन वेळां मागणी नोंदविली व आपण एकाच खोक्यांत माल पाठविला, तर वांचलेलें हंशील त्यास परत करावें. आम्हीं एकदां पस्तीस रुपये परत केले. त्या बाईंनीं पुढच्या महिन्यांत आपल्या तीन मैत्रिणींच्या मागण्या धाडल्या.

वहींत दर पार्सलामागें घेतलेलें हंशील, प्रत्यक्ष भरलेलें हंशील व बांधणीनंतरचें वजन असे तीन रकाने असावेत. नवा चिन्नोर कांडून हातीं येण्यापूर्वीं दरपत्रक पुन्हां मागवून सर्व आंकडे तपासावेत. २०२५ सालीं टपाल खात्यानें रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टांत विलीन केलें आहे, तेव्हां भिंतीवर चिकटविलेल्या जुन्या पत्रकावर विसंबूं नये.