दुधातील जंतूंची मोजदाद

अमरगोळच्या बाजार-आवारात व्यापारी पोत्यात पोकळ नळी खुपसून मूठभर धान्य काढतो व त्यावरून साऱ्या पोत्याचा भाव ठरवितो. ती मूठ फसवी निघाली, तर सौदा फसलाच! दुधातील जंतू मोजतानाही हीच दक्षता घ्यावी लागते.

कच्च्या दुधाच्या एका मिलिलीटरात लक्षावधी जंतू असू शकतात. वाटेत ते वाढू नयेत म्हणून नमुना आम्ही बर्फात ठेवून आणतो. नंतर बाटली फूटभर वरखाली, ७ सेकंदांत २५ वेळा हलवितो. कारण जंतू पुंजक्यांनी राहतात. मग १ मिलिलीटर दूध ९ मिलिलीटर निर्जंतुक पाण्यात मिसळतो. त्यातील १ पुन्हा नव्या ९ मध्ये. असे चारदा केले की दूध दहा हजारपट विरळ होते. प्रत्येक वेळी मापनळी नवी व निर्जंतुक हवी. जुनीस चिकटलेले जंतू हिशेब बिघडवितात.

यातील १ मिलिलीटर काचेच्या बशीत पोषक अगरमध्ये मिसळून उबेत ४८ तास ठेवावे. प्रत्येक जंतूची वा पुंजक्याची एकेक वसाहत उगवते. ३० ते ३०० वसाहतींची बशीच विश्वसनीय मानतात. २४० वसाहती, म्हणजे २४ लक्ष जंतू; दूध मध्यम प्रतीचे. पुंजके न फोडल्यास ६०च दिसतील आणि तेच दूध ६ लक्षांचे, म्हणजे चांगले ठरेल!

बालमित्रहो, मोजणाऱ्याची बेरीज अचूक असूनही पिणाऱ्याची फसवणूक होते, ती अशी. म्हणून खरी मोजणी बशीपुढे नव्हे, बाटली हाती घेतानाच सुरू होते.