संरक्षण समितीचा उपयोग काय?

प्रश्न : संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मग ही समिती हवी कशाला?

उत्तर : बंधनकारक नसतात, हे खरे. पण सरकारला अडचणीची माहिती अधिकृतपणे नोंदवून घेणे, हे या समितीचे मोठे बळ. मार्च 2018 चा अहवाल पाहा. तत्कालीन उपलष्करप्रमुखांनी समितीला सांगितले, की आधुनिकीकरणासाठी मिळालेले 21,338 कोटी रुपये आधीच्या करारांची 29,033 कोटींची देणी भागवायलाही अपुरे आहेत आणि लष्कराची 68 टक्के सामग्री जुनाट आहे. गणवेशातला अधिकारी हे पत्रकारांपुढे बोलू शकला नसता. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष भुवनचंद्र खंडुरी तर सत्ताधारी पक्षाचेच, स्वतः निवृत्त मेजर जनरल! अशी माहिती समितीपुढे मांडण्यावर गुप्ततेचा आक्षेप घेतला जातो. पण साक्षी बंद दाराआड होतात, अहवाल तेवढा खुला असतो. माझ्या मते खरी उणीव वेगळीच आहे. समितीची दरवर्षी पुनर्रचना होते, त्यामुळे सदस्य विषयात मुरतो न मुरतो तोच बदलू शकतो. तरीही पाठपुरावा होतो : शिफारशींचे पुढे काय केले, हे सरकारला कळवावे लागते आणि त्यावरही समिती अहवाल देते. तो संसदेच्या संकेतस्थळावर मिळतो; वाचा आणि आपल्या खासदाराला प्रश्न विचारा.