तापलेलं लेकरू आणि औषधाचा चमचा

चि. सौ. भाचीबाईस,


मोहगावहून आलेला प्रश्न सरळ आहे. दोन वर्षांचं लेकरू तापाने फणफणलंय. औषध दिसलं की तोंड घट्ट मिटून घेतं, पाजलेलं थुंकतं, नाहीतर ओकून टाकतं. अशा वेळी आईने करावं काय? घरातल्या मोठ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: एकाने हात धरावे, दुसऱ्याने पाय, नाक दाबावं आणि तोंड उघडलं की ओतावं. मावशीचं उत्तर वेगळं आहे. ते जरा लांबेल, कारण तुमच्या भागात २०२५ साली जे घडलं ते बाजूला ठेवून या प्रश्नावर बोलताच येत नाही.

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा हा सगळा पट्टा २०२३ मध्ये नवा जिल्हा होईपर्यंत छिंदवाड्यातच होता. त्याच छिंदवाड्याच्या परासिया भागात २०२५च्या सप्टेंबरात लहान मुलं एकामागून एक दगावू लागली. सुरुवात साधीच असायची: सर्दी, खोकला, ताप. डॉक्टरांकडे नेलं, औषध मिळालं, आईबापांनी ते नेमाने पाजलं. मग काही दिवसांत लेकराची लघवी बंद व्हायची. मूत्रपिंडं निकामी झालेली मुलं नागपूरच्या दवाखान्यांत पोचली तेव्हा अनेकांसाठी उशीर झाला होता. आधी पाण्यावर संशय गेला, साथीवर गेला, नमुने तपासले गेले. शेवटी बोट थांबलं ते ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या सिरपवर. तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या श्रीसन फार्मास्युटिकल्सने ते बनवलं होतं. तमिळनाडूच्या औषध प्रयोगशाळेत त्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघालं. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. म्हणजे जवळजवळ निम्मी बाटली विषाची होती. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशात त्यावर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. वीसहून अधिक मुलं गेली. बहुतेक छिंदवाडा जिल्ह्यातली, काही बैतूल आणि पांढुर्ण्याकडची.

त्या आया औषध पाजण्यात कुठेही कमी पडल्या नव्हत्या. दोष त्यांचा नव्हताच. पण ‘लेकराने औषध घेतलं की आईचं काम झालं’ या समजुतीवर आपण सगळ्या किती टेकून असतो, ते परासियाने दाखवलं. हे विष चवीला गोडसर असतं. म्हणून लेकराने तोंड वाकडं न करता प्यालं म्हणजे औषध चांगलं, ही खूण कधीच धरू नये.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फा गोळीचं पातळ औषध बाजारात आलं. गोळी गिळायला जड जाणाऱ्यांना, मुलांना घ्यायला सोपं जावं म्हणून त्याला रासबेरीची चव दिली होती. ते विरघळवायला वापरलं होतं हेच डायइथिलीन ग्लायकॉल. शंभराहून अधिक माणसं मेली, आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा कडक कायदा झाला. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गाम्बियात जवळपास सत्तर मुलं अशीच गेली. पॅरासिटामॉलसारखी औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून पातळ औषधात प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखा द्रव घालावा लागतो. औषधासाठी लागतो तो शुद्ध माल महाग. कारखान्यांत वापरायचा माल स्वस्त, आणि विष शिरतं ते तिथूनच. प्रत्येक पिंप तपासलं तर ते पकडता येतं. तपासायचं काम कंपनीचं आणि सरकारचं आहे, मोहगावच्या आईचं नाही. तिच्या हातात आहे ते एवढंच की नको ते औषध घरात येऊ देऊ नये.

तर आधी नको ते. सर्दी-खोकल्याची मिश्र सिरपं दोन वर्षांखालच्या मुलाला द्यायचीच नाहीत, आणि पाच वर्षांखाली सहसा नाहीतच, असं केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ला पुन्हा बजावलं. कोल्ड्रिफमध्ये होती ती क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिनची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं डिसेंबर २०२३ मध्येच सांगून झालं होतं. विष नसतं तरी या सिरपांनी सर्दी लवकर जात नाही. लेकराला गुंगी मात्र येते. लहान मुलाचा साधा खोकला आपणहून बरा होतो. वर्षाच्या वरच्या लेकराला झोपताना अर्धा चमचा मध चालतो. वर्षाच्या आत मध बिलकूल नाही. तापासाठी निमेसुलाइड बारा वर्षांखाली २०११ पासून देशात बंद आहे. अॅस्पिरिनही मुलांना नाही. पावसाळ्यानंतर तुमच्याकडे डेंग्यूचे दिवस असतात, तेव्हा आयबुप्रोफेनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उरलं एकच साधं औषध, पॅरासिटामॉल. त्याबद्दल मावशीचं स्पष्ट मत असं की लेकराने ते एक वेळ नाही घेतलं तर आभाळ कोसळत नाही. ते ताप उतरवतं, अंगदुखी कमी करतं. तापाचं कारण त्याने जात नाही. तापाने येणारे झटकेही ते खात्रीने टाळू शकत नाही. १०१ ताप असूनही लेकरू खेळतंय, पाणी पितंय, तुझ्याकडे बघून हसतंय, तर चमच्यासाठी कुस्ती खेळायची गरज नाही. झोपलं असेल तर फक्त पॅरासिटामॉलसाठी उठवायचं नाही. पण डॉक्टरांनी तपासून अँटिबायोटिक किंवा मलेरियाचं औषध दिलं असेल, तर ते चुकवायचं नाही. तेही ठरत नसेल, पुन्हा पुन्हा ओकत असेल, तर घरीच प्रयत्न करत बसू नये. डॉक्टरांना तसं सांगावं. चव बदलून, रूप बदलून किंवा इंजेक्शनने देण्याची सोय त्यांच्याकडे असते. पॅरासिटामॉलच्या गुदद्वारात ठेवायच्या वड्याही मिळतात, त्याही डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिल्या तरच.

मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते. अंगणवाडीत वजन करून घे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते लिहायला लाव. एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम हे प्रमाण. दहा किलोच्या लेकराला फार तर १५० मिलिग्रॅम. आता खरी गफलत होते ती बाटलीत. एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात तेवढ्याच सिरपात २५०, आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत तर एकाच मिलिलिटरमध्ये १००. तेच १५० मिलिग्रॅम म्हणजे पहिल्यातून ६ मिलिलिटर, दुसऱ्यातून ३ आणि थेंबांतून दीड. सौंसरच्या मेडिकलमधून एक बाटली आणली, नागपूरहून आत्याने दुसरी पाठवली आणि दोन्ही ‘एक चमचा’ या मापाने दिल्या, तर मात्रा सहज दुप्पट होते. घरात एकच बाटली ठेव. स्वयंपाकघरातला चमचा मापाला घेऊ नको; बाटलीबरोबरचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापर. दोन मात्रांत सहा तासांचं अंतर राख, आणि दिलेली वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव, म्हणजे सासूबाईंनी दिलं आणि तूही दिलंस असं होणार नाही.

आता पाजण्याची रीत. पायांवर आडवं घेऊन, नाक दाबून, बोंडल्याने ओतणं ही आपल्या आज्यांची पद्धत. त्यांनी ती मायेनेच केली, पण रडणाऱ्या लेकराच्या घशात ओतलेला द्रव श्वासनळीत जाऊ शकतो, आणि तो धोका ज्वरापेक्षा मोठा आहे. लेकराला मांडीवर ताठ बसव. सिरिंजचं टोक जिभेवर नको, गालाच्या आतल्या बाजूला. एका वेळी एक मिलिलिटर, गिळू दे, थांब, मग पुढचं. रडत असेल तर रडणं ओसरू दे. औषध अगोदर थंड करून घेतलं तर चव कमी जाणवते, आणि मागोमाग संत्र्याचा रस दोन घोट. तुमच्याकडे संत्र्याला तोटा नाही. रसाच्या एका चमच्यात औषध मिसळायला डॉक्टर हो म्हणाले तर मिसळ, पण दुधाच्या पूर्ण पेल्यात नाही. अर्धं दूध राहिलं तर किती औषध पोटात गेलं ते कळत नाही, आणि लेकरू दुधावरच रुसतं.

औषधाला ‘खाऊ’ म्हणू नको. खाऊ समजून बाटली शोधणारी मुलं ती सापडली की संपवतात. ‘हे औषध आहे, चव वाईट आहे, एक मिनिटात संपेल’ हे दोन वर्षांच्या मुलालाही कळतं. त्याला निवड दे, पण घ्यायचं की नाही याची नाही. आधी डाव्या गालात की उजव्या, एवढीच. बाहुलीला आधी पाजायचं, मग त्याला, असंही चालतं. ओकलं तर लगेच पुन्हा पूर्ण मात्रा देऊ नको. पाजल्याबरोबर सगळं बाहेर आलं आणि दुसऱ्यांदा द्यायचं असेल, तर डॉक्टरांना फोन करून विचार. नंतर ओकलं तर पुढच्या वेळेपर्यंत थांब.

मधल्या वेळात अंगावरची जाड दुपटी काढ. कोमट पाण्याने पुसलं तर हरकत नाही, थंड पाणी किंवा बर्फ नको, त्याने हुडहुडी भरते. आणि पाणी, पेज, ताक, डाळीचं पाणी, अंगावर पीत असेल तर दूध, घोटाघोटाने पण सतत. हगवण लागली तर ओआरएसचं मोठं पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात, अंदाजाने अर्ध्या पेल्यात नाही.

परासियाने शिकवलेली खूण मावशी परत सांगते: लघवीकडे लक्ष ठेव. सहा-आठ तासांत लंगोट ओला झाला नाही, तर ‘झोपलंय, होईल’ म्हणून थांबू नको. श्वास जोरात चालतोय, बरगड्या आत ओढल्या जाताहेत, लेकरू निपचित पडलंय, मान ताठ आहे, अंगावर लाल-जांभळे डाग उठलेत, काहीच पोटात ठरत नाही, यांतलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन कर. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना, औषध घरी न देता. झटका आला तर कुशीवर वळव, तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नको, घड्याळ बघ; पाच मिनिटांवर गेला तर गाडी बोलाव. पहिलाच झटका असेल तर तो थांबल्यावरही त्याच दिवशी दाखव. आणि साधा वाटणारा तापही तिसऱ्या दिवशी उतरला नसेल तर तपासणी करून घे. मलेरिया, डेंग्यू, लघवीतला जंतुसंसर्ग हे वरून दिसत नाहीत.

दवाखान्यात जाताना आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक औषधाची बाटली बरोबर ने, रिकामी असली तरी. नाव, बॅच नंबर, कोणत्या तारखेला उघडली, किती वेळा दिली, हे एका कागदावर लिहून ने. मेडिकलमधून बिल मागून घे आणि लेकरू पूर्ण बरं होईपर्यंत जपून ठेव. डॉक्टरांना काही शंका आली तर त्या दोन कागदांनी त्यांचं काम सोपं होतं.

सासूबाईंना नमस्कार सांग, लेकराला पापा.

तुझी,
मावशी